पाचशे बाराखालची सही

देवरे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फळ्यावर नुसता एक आठ काढून उभ्या होत्या. तंत्रनिकेतनात माझं दुसरं वर्ष होतं आणि सी भाषेचा पहिला तास. आठ केवढा, तर मागच्या बाकावरूनही डोळ्यांत भरेल असा. "हे किती?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे एका सुरात "आठ" म्हणालो. "आठ काय?" मॅडमनी विचारलं.

मग त्यांनी पायलीची गोष्ट सांगितली. मॅडम सटाण्याकडच्या. त्यांच्या गावची पायली वेगळी आणि दिंडोरीकडची वेगळी. दोन गावांत सोयरीक जमली, दोन्हीकडच्यांनी आठ आठ पायल्या धान्य द्यायचं कबूल केलं आणि मांडवात भांडण लागलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. "म्हणून आकडा ऐकण्याआधी माप कुणाचं ते विचारायचं," मॅडम म्हणाल्या. "या विषयात एवढंच शिकायचंय. बाकीचं पुस्तकात आहे." आम्ही हसलो. मीही हसलो. त्या हसण्याची आठवण झाली की आज मला माझाच राग येतो.

प्राध्यापक कुमुदिनी देवरे यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याबद्दल अधिकारी मंडळी लिहितीलच. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे सहकारी, आणि त्यानंतर काय, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. संपादक समितीने मला पहिली भेट, कार्य, स्वभाव आणि एखादा हृद्य प्रसंग अशी चौकट आखून दिली आहे. मी त्या चौकटीतच राहण्याचा प्रयत्न करतो. प्रसंग हृद्य आहे की नाही ते वाचकांनी ठरवावं.

आमच्या प्रयोगशाळेत दोन निरनिराळ्या कंपन्यांची मशीनं होती, एक खिडकीशी आणि एक दाराशी. मॅडमचा नियम असा, की प्रोग्राम दोन्हीकडे चालला तरच गुण. एकदा त्यांनी आम्हाला फाइलची माहिती विचारणारा छोटा प्रोग्राम लिहायला लावला. फाइल तीच, आठ हजार अक्षरांची. लांबी दोन्हीकडे सारखी आली. पण डिस्कवर तिने जागेचे किती ठोकळे, म्हणजे ब्लॉक, अडवलेत असं विचारलं, तर खिडकीचं मशीन सोळा म्हणालं आणि दाराचं आठ. दाराचं मशीन बिघडलं म्हणून मी मोठ्या उत्साहाने तक्रार करायला गेलो. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "हाई काय शे रे? पायली विसरलास का?" खुशीत किंवा रागात असल्या की त्या अहिराणीवर यायच्या.

एक मशीन पाचशे बारा अक्षरांचा ठोकळा मोजत होतं, दुसरं एक हजार चोवीसचा. दोन्ही खरी होती. त्याच माहितीत एक तिसराही आकडा असतो, एका दमात किती वाचलं तर सोयीचं पडेल एवढाच सल्ला देणारा. पुष्कळ जण त्यालाच ठोकळ्याचं माप समजून गुणाकार करतात आणि तोंडघशी पडतात. मॅडम सांगायच्या, लांबी हवी असेल तर लांबी विचारा, अडलेली जागा हवी असेल तर जागा विचारा, आणि जागेचा आकडा कुठल्या मापात आहे ते त्या मशीनच्या पुस्तकात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकावरून दुसरं काढायला तर मुळीच जाऊ नका. त्यांच्या विद्यार्थ्याच्या प्रोग्राममध्ये उघडावाघडा आकडा दिसला की त्या पेन्सिलीने गोल करायच्या आणि समासात लिहायच्या, "हा कुठून आला?"

स्वभावाबद्दल एक गोष्ट सांगतो. आमच्या वर्गात सायखेड्याहून येणारी एक मुलगी होती. तिची एसटी रोज उशिरा यायची आणि प्रात्यक्षिकाची सुरुवात बुडायची. मॅडमनी तिला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, की सकाळी मशीनं तापायला अर्धा तास लागतो, तेव्हा प्रात्यक्षिक अर्ध्या तासाने पुढे घ्यावं. प्राचार्य स्थापत्य शाखेचे होते, त्यांनी मान डोलावली. एरवी आकड्यात तसूभरही खोटं खपवून न घेणाऱ्या मॅडम माणसासाठी बिनदिक्कत थाप मारायच्या. तेव्हा आम्हाला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. माणसाला वाचवण्याची ही त्यांची खोड एक दिवस त्यांच्याच अंगाशी येईल, असं त्या वयात कुणाच्या मनात येणार?

शिक्षण संपल्यावर मी सातपूरला एका कारखान्याच्या संगणक विभागात लागलो. तिथे सगळीकडे एकाच जातीची मशीनं होती. ठोकळा म्हणजे पाचशे बारा, हे तिथे हाताला इतकं बसलं की मी माप विचारायचं विसरूनच गेलो. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! मॅडम निवृत्त झाल्या आणि गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत ध्वनिसंग्रह उभा करू लागल्या. त्यांनी मला फोन करून बोलावलं आणि मी नोकरी सोडून गेलो.

हा संग्रह म्हणजे मॅडमच्या उतारवयातलं सगळ्यात मोठं काम. पेठ-सुरगाण्याकडे गावित गुरुजी नावाचे एक प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी तरुणपणी खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून पाड्यापाड्यावर हिंडून म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं होतं. भाताचं कुठलं बियाणं कुठल्या उतारावर लावायचं, नागली कधी पेरायची, दुष्काळात कुठले कंद खायचे, असलं सगळं. कॅसेटींना बुरशी धरत चालली होती. मॅडमनी एकेक कॅसेट पुसून, वाजवून, संगणकात उतरवून घेतली. उतरल्यावर बहुतेक कॅसेटी टाकून द्याव्या लागल्या, त्या पुन्हा वाजण्यासारख्या राहिल्याच नव्हत्या.

त्यांत गुरुजींच्या आईची एक कॅसेट होती. म्हातारी भाताच्या जातींची नावं सांगायची. एक नाव सांगितलं की गप्प. बराच वेळ गप्प. मग दुसरं नाव. आमच्याकडे नव्याने लागलेल्या दोन मुली म्हणाल्या, मधली शांतता कापून टाकू या, फाइल लहान होईल. मॅडम म्हणाल्या, "ती आठवतेय. तिला आठवू दे." मग आम्ही फक्त मागची खरखर काढून टाकली. खरखर गेल्यावर त्या शांततेत काहीच उरलं नाही, संगणकाच्या दृष्टीने नुसती शून्यं.

संग्रहात मॅडमनी एक रीत घालून दिली होती. तिला आम्ही 'वाचन' म्हणायचो. कुठलाही प्रोग्राम खऱ्या फाइलींवर चालवण्याआधी, ज्याने तो लिहिला नाही अशा माणसाने तो सगळ्यांसमोर ओळीओळीने मोठ्याने वाचायचा, मराठीत अर्थ सांगत. अडलं तिथे विचारायचं. समाधान झालं की वाचणाऱ्याने रजिस्टरमध्ये सही करायची. लिहिणाऱ्याची सही नाही, वाचणाऱ्याची. चूक निघाली तर ती वाचणाऱ्याची, कारण लिहिणारा स्वतःच्या चुकीला आंधळाच असतो, असं मॅडमचं म्हणणं.

एका दुपारी वीज गेली आणि चालू असलेली कामं अर्धवट तुटली. काही फाइली अशा राहिल्या, की लांबी पूर्ण दाखवायच्या पण आत काही नाही. त्या शोधून पुसण्यासाठी मी प्रोग्राम लिहिला. युक्ती सोपी होती. फाइलीने अडवलेले ठोकळे घ्यायचे, पाचशे बाराने गुणायचे, आणि उत्तर लांबीपेक्षा कमी आलं तर फाइल अर्धवट समजून पुसायची. मला माझी युक्ती फार आवडली होती.

दुसऱ्या दिवशी वाचन झालं. मॅडम वाचत होत्या, त्या दोन मुली आणि मी ऐकत होतो. मॅडमना सटाण्याला जायचं होतं, थोरल्या बहिणीला दवाखान्यात ठेवलं होतं. खांद्याला अडकवलेली पिशवी मांडीवर घेऊनच त्या बसल्या होत्या. गुणाकाराच्या ओळीवर त्या थांबल्या.

"भालेराव, हे पाचशे बारा कुठून आलं?"

"पुस्तकातून, मॅडम."

"आणि जागा कमी म्हणजे फाइल अपुरी, हेही त्यातच आहे?"

"हो. कपाटातलं आपलं जाड पुस्तक. कालच पाहिलं."

मी पाहिलं नव्हतं. खोटं बोलायचं काही ठरवलंही नव्हतं. विद्यार्थिदशेतला तो पेन्सिलीचा गोल पुन्हा, तोही त्या मुलींसमोर, नको वाटला एवढंच. मॅडम माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांनी रजिस्टर ओढलं, सही केली आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

संध्याकाळच्या आत माझ्या प्रोग्रामने एक्केचाळीस फाइली पुसल्या. आमची दुसरी डिस्क रोज संध्याकाळी पहिलीची हुबेहूब नक्कल करायची. इथून गेलेलं तिथूनही गेलं.

ते कळलं पंधरवड्याने, गावित गुरुजी बहिणीला घेऊन आले तेव्हा. तिला आईचा आवाज ऐकायचा होता. आम्ही शोधलं. फाइल नव्हती. पुन्हा शोधलं. बहीण म्हणाली, "गेली म्हंजे कुठं गेली?" गुरुजींनी विचारलं, "दुसरी नक्कल नाय का कुठं?" मॅडमनी नकारार्थी मान हलवली. गुरुजींनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग उठले. "बरं. मंग आमी निघतो. पेठची गाडी हाय चारची." त्यांनी चहाही घेतला नाही.

मॅडमनी त्याच दिवशी कारण शोधून काढलं. आमच्या संग्रहात फाइली उतरवताना जी पद्धत वापरली होती, ती सलग शून्यांना डिस्कवर जागाच देत नसे. लांबी पूर्ण, आवाज पूर्ण, फक्त शांततेपुरती जागा अडवलेली नाही. माझ्या प्रोग्रामला अशा सगळ्या फाइली अर्धवट वाटल्या. वीज जाऊन खरोखर तुटलेल्या फाइली त्यांत मूठभर होत्या. बाकीच्या धडधाकट होत्या. जी माणसं आठवण्यासाठी सगळ्यात जास्त वेळ थांबली होती, नेमकी तीच गेली. आणि पाचशे बारा हा आकडा त्या मशीनपुरता बरोबर होता! मी ते पान उघडलं असतं, तर त्याच्याच खाली दोन ओळींत लिहिलेलं होतं, की मध्ये पोकळ्या असलेल्या फाइलीची जागा लांबीपेक्षा कमी भरते. आकडा तपासायला गेलो असतो तर खरी चूक हाती लागली असती.

संस्थेच्या चिटणीसांनी बैठक बोलावली. "ही चूक कुणाची?" त्यांनी विचारलं. रजिस्टर उघडलं. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाचन मी केलं. सही माझी आहे." चिटणीसांनी आणखी काही विचारायचं आहे का म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासवर झाकण नीट बसवत होतो. त्या दोन मुली माझ्याकडे पाहत होत्या, पण त्या नवीन होत्या, त्या काय बोलणार?

पुढच्या महिन्यात मॅडमना संग्रहातून मुक्त करण्यात आलं. 'वयोमानानुसार' असा शब्द पत्रात होता. आणि त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवलं, तर मला. गेली अकरा वर्षं मी तिथेच बसतो. या ग्रंथाच्या मागच्या पानावर माझ्या नावाखाली 'संग्रहप्रमुख' असं छापलेलं दिसेल. ते पद मी कसं मिळवलं, ते आता आपल्याला कळलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खरं आहे. मॅडमकडे जाणं मी बंद केलं. त्यांच्या बहिणीच्या दशक्रियेला गेलो नाही. लग्नकार्यात त्या दिसल्या की मी दुसऱ्या पंगतीला बसायचो. एकदा पंचवटीच्या भाजीबाजारात त्या मेथीची जुडी निवडत होत्या. मी गाडी वळवली आणि भाजी न घेताच घरी गेलो. बायकोला सांगितलं, बाजार बंद होता.

समितीचं पत्र आल्यावर मी एक लेख लिहिला होता. त्यात पायली होती, सायखेड्याची मुलगी होती, संग्रहाचा गौरव होता, आणि हे काहीच नव्हतं. तो छापायला देण्याआधी मॅडमना दाखवावा म्हणून, किंवा दाखवायचं निमित्त करून, मी गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. त्या ओट्याशी बसून मटार सोलत होत्या. मला पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला, जणू मी परवाच येऊन गेलो होतो. मी लेख वाचला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत."

मग मात्र माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. पुस्तक पाहिलं नव्हतं, खोटं बोललो, बैठकीत गप्प बसलो. मला वाटलं होतं, त्या चकित होतील. त्या मटार सोलतच राहिल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"बैठकीत कळलं?"

"नाही रे. सही करतानाच. ते पुस्तक सोमवारपासून माझ्याकडे होतं. त्या दिवशी पिशवीत होतं माझ्या, सटाण्याला वाचायला घेतलं होतं. तू काल कपाटात पाहिलंस म्हणालास, तेव्हा ते माझ्या मांडीवर होतं."

मी विचारलं, "मग सही का केलीत?"

"समोर त्या दोन मुली होत्या. त्यांच्यादेखत तुला खोटं कसं पाडायचं? म्हटलं, हुशार मुलगा आहे, आकडा बरोबरच असेल. परत आल्यावर एकटं गाठून कान धरू." त्यांनी हातातलं टरफल बाजूला टाकलं. "तुझा पाणउतारा वाचवला आणि गावित गुरुजींची आई घालवली. पुस्तक मांडीवर असताना मी ते उघडलं नाही. तेव्हा छापायचं असेल तर माझंही छाप. माझं गाळून नुसतं तुझं लिहिलंस तर तेही खोटंच."

गौरवलेखात गौरवमूर्तीचा दोष लिहायचा नसतो, हे मला कळतं. समितीतल्या मित्रांनी दोनदा फोन करून सांगितलंही. पण हा दोष मॅडमच्या आज्ञेवरून लिहिला आहे, आणि तो ज्यातून आला तो त्यांचा चांगुलपणाच होता. त्या चांगुलपणाच्या सावलीत मी अकरा वर्षं खुर्ची उबवली. गावित गुरुजी आता नाहीत. त्यांना मी हे कधीच सांगू शकलो नाही, आणि हे दुःख मला जन्मभर पुरेल. त्यांच्या बहिणीकडे जाऊन आलो. तिने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. तिचं बरोबरच आहे.

उठताना मी मॅडमच्या पाया पडलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चुकलास ते चुकलास. मला चूक लागली नाही एवढी. पण भाजीबाजारात गाडी वळवलीस, ते लागलं. अकरा वर्षं मला कुणी प्रोग्राम वाचून दाखवला नाही, ठाऊक आहे?" मग त्यांचा आवाज बदलला. "माफीनं मंग दखसूत. पहिले येत जाय." माफीचं मग बघू, आधी येत जा.

तेव्हापासून दर गुरुवारी मी जातो. लिहिलेलं बरोबर नेतो. त्या वाचतात, पेन्सिलीने गोल करतात, चहा देतात. माफीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही आणि मीही काढत नाही. मॅडमना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि गुडघे ठणठणीत राहोत, ही या ग्रंथातल्या प्रत्येकाप्रमाणे माझीही प्रार्थना आहे. माझं मागणं थोडं जास्त आहे. मला क्षमा केल्याशिवाय त्यांनी कुठेही जाऊ नये, आणि ती करण्याची त्यांनी अजिबात घाई करू नये.